आधी बांध की आधी बाजार?

आज आपण एका जुन्या प्रश्नाचा इतिहास पाहणार आहोत. पुराने शहर बुडालं, पाणी ओसरलं, चिखल उरला. आता नदीचा गाळ निघेपर्यंत, भिंत बांधून होईपर्यंत, धरण दुरुस्त होईपर्यंत थांबायचं, की ते होईल तेव्हा होईल म्हणून आधी संसार आणि दुकान मांडायचं?

आंबोलीत बसून हा प्रश्न कशाला, असं कुणी म्हणेल. आपण घाटमाथ्यावरच्या. आपला बाजार काही बुडत नाही. पण आपल्याकडे पडलेलं पाणी दोन वाटांनी खाली जातं. एक वाट हिरण्यकेशीची, आजरा-गडहिंग्लजवरून घटप्रभेला आणि पुढे कृष्णेला. दुसरी वाट घाटाच्या पश्चिमेची, व्हाळांतून दाणोलीकडे आणि मग तेरेखोल नदीने बांद्याला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये बांद्याच्या बाजारपेठेत पाणी शिरलं, आणि त्याच दिवसांत कोल्हापूर-सांगलीकडे महापूर होता. आपल्या लेकी दोन्ही बाजूंना नांदतात, आपला माल दोन्ही बाजूंना विकला जातो. पूर ओसरला की बचत गटात अर्ज येतात, दुकान परत उभं करायला कर्ज हवं, त्याच जागेवर. सही करताना प्रत्येकीच्या मनात एकच येतं : पुढच्या आषाढात परत पाणी आलं तर?

हा प्रश्न आपल्याआधी पुष्कळांपुढे आलाय. त्यांनी काय केलं, ते बघू.

सुरुवात पुण्यापासून करू. १२ जुलै १९६१. पुण्याच्या वर आंबी नदीवर पानशेतचं मातीचं धरण बांधलं जात होतं. काम पुरतं आटोपलं नव्हतं, तरी त्या पावसाळ्यात त्यात पाणी साठलं. धरण खचायला लागलं तेव्हा लष्कराच्या जवानांनी वाळूची पोती रचून ते काही तास तगवलं. त्या काही तासांनी किती जीव वाचवले, ते पुणेकर आजही सांगतात. सकाळी पानशेत फुटलं. तो लोंढा खाली खडकवासल्याच्या जुन्या दगडी धरणावर आला आणि तेही फुटलं. नदीकाठच्या शनिवार, नारायण, कसबा या पेठांत आणि पलीकडे डेक्कनच्या बाजूला पाणी चढलं. हजारो घरं गेली. वाडे मातीचे होते, ते पाण्यात बसले.

आणि गंमत बघा, पुरात बुडालेल्या शहराला प्यायला पाणी नव्हतं. पुण्याचं पाणी खडकवासल्याहून यायचं, तेच धरण गेलं होतं. लोकांनी वाड्यांतल्या जुन्या विहिरी आणि हौद उपसून पुन्हा वापरात आणले. विहिरीवर घागरी घेऊन कोण उभं राहिलं असेल, ते आपल्याला सांगायला नको.

मग शहर परत कसं उभं राहिलं? पुनर्वसनाचं काम स. गो. बर्वे यांच्याकडे दिलं गेलं. ते पूर्वी पुण्याचे महापालिका आयुक्त होते, शहर त्यांच्या ओळखीचं होतं. दोन गोष्टी एकदमच चालू झाल्या. काही कुटुंबांना नदीपासून लांब नव्या वसाहतींत जागा मिळाली. गोखलेनगर, लोकमान्यनगर, सहकारनगर ही नावं आज पुण्यात सगळ्यांना माहीत आहेत, पण त्यांचा जन्म या पुरातून झाला, हे नव्या माणसांना ठाऊक नसतं. आणि बाकीची कुटुंबं पेठांत परत गेली, होती तिथेच घरं दुरुस्त करून राहिली. पानशेतचं धरण नव्याने पुरं व्हायला १९७२ च्या आसपासचा काळ उजाडला. म्हणजे दहा-अकरा वर्षं. तेवढी वर्षं कोण थांबणार होतं? ज्या बाईच्या पोरांची शाळा पेठेत, ज्या नवऱ्याचं काम पेठेत, ती पाणी ओसरल्यावर त्याच आठवड्यात फावडं घेऊन चिखल काढायला लागली.

यातून पहिली गोष्ट दिसते. शहर सहसा संरक्षणासाठी थांबत नाही. दुसऱ्या टोकाचं उदाहरण द्यायचं तर हॉलंडचं घ्या. त्या देशाचा मोठा भाग समुद्राच्या पातळीखाली आहे. १ फेब्रुवारी १९५३ च्या रात्री समुद्राचे बांध फुटले आणि अठराशेवर माणसं गेली. देश श्रीमंत, इंजिनिअर जगात नावाजलेले. तरी समुद्र अडवायची सगळी कामं पुरी व्हायला १९९७ साल उजाडलं. चव्वेचाळीस वर्षं. पुरात वाचलेली लहान मुलगी तोवर आजी झाली असेल. लोक बांध पुरा होण्याची वाट बघत बसले नाहीत, शेतं परत कसली, गायी परत बांधल्या. सरकारने मात्र कामं कायद्यात बांधून घेतली, म्हणून माणसं बदलली तरी काम थांबलं नाही. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा, तिच्याकडे परत येऊ.

आता आपल्या कोकणात येऊ. चिपळूण. वाशिष्ठी नदीच्या काठी, कुंभार्ली घाटाच्या पायथ्याशी वसलेलं व्यापाराचं गाव. पूर्वी गोवळकोटच्या खाडीतून गलबतं यायची आणि माल घाटावर चढायचा. म्हणजे जे पाणी या गावाला बुडवतं, त्याच पाण्याने ते वसवलं. बाजार नदीजवळ आहे तो कुणाच्या अडाणीपणामुळे नाही, होडी तिथे लागायची म्हणून.

चिपळूणला पाणी तीन बाजूंनी गाठतं. वरून डोंगराचं पावसाचं पाणी येतं. खालून भरतीचं पाणी चढतं आणि पुराची वाट अडवतं. आणि कोयना धरणाचं पाणी सह्याद्रीच्या पोटातून बोगद्याने पोफळी, कोळकेवाडीकडे येतं, वीज तयार करतं आणि शेवटी वाशिष्ठीतच उतरतं. त्यात डोंगरातून वाहून आलेल्या गाळाने नदीचं पात्र उथळ झालेलं.

२००५ च्या जुलैत चिपळूण बुडालं. लोक परत आले, दुकानं परत रंगवली, सोळा वर्षं गेली. २२ जुलै २०२१ ला पुन्हा बुडालं, आणि या वेळी बाजारपेठेत पाणी माणसाच्या उंचीच्या वर गेलं. एसटीच्या आगारातले कर्मचारी तिकिटाची रोकड सांभाळत एसटीच्या टपावर तासन्‌तास बसून राहिले. एका कोविड रुग्णालयाची वीज गेली आणि तिथल्या रुग्णांचे प्राण गेले. पाणी ओसरल्यावर जीव वाचल्याचा आनंदही माणसाला नीट होईना, कारण दुकानातला माल, फ्रीज, शिलाई मशीन, धान्य, सगळं चिखलात.

चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराची गोष्ट ऐका. १८६४ सालचं वाचनालय. २००५ च्या पुरात त्याची पुस्तकं गेली. लोकांनी पुस्तकं दिली, वाचनालय उभं राहिलं, इतकं की २०१३ च्या जानेवारीत अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन चिपळूणला भरलं आणि त्याचं यजमानपण याच वाचनालयाने केलं. २०२१ ला पुन्हा पुस्तकं भिजली. पुन्हा लोक उभे राहिले. आता कुणी विचारेल, २००५ नंतर नदीचा गाळ निघेपर्यंत वाचनालय बंद ठेवायला हवं होतं का? तसं केलं असतं, तर सोळा वर्षं शहराला वाचनालय नाही, संमेलन नाही. मुलं त्या सोळा वर्षांत मोठी झाली. ती वर्षं वाया गेली असं कोण म्हणेल? पण पुस्तकं दोनदा भिजली, हेही खरं. दोन्ही खरं आहे आणि म्हणूनच हा प्रश्न अवघड आहे.

२०२१ नंतर चिपळुणात वेगळा वाद उभा राहिला, तो पूररेषांचा. मैत्रिणींनो, या रेषा आपण समजून घ्यायला हव्यात, कारण त्या उद्या आपल्याही बाजाराच्या नकाशावर दिसतील. निळी रेषा म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द. तिच्या आत नवं बांधकाम करायला मनाई. लाल रेषा म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द. निळ्या आणि लाल रेषेच्या मध्ये अटी घालून परवानगी. चिपळुणात या रेषा आखल्या तेव्हा शहराचा मोठा भाग त्यांच्या आत आला. लोक म्हणाले, नदीत गाळ तसाच ठेवून रेषा आखाल तर रेषा गावभर पसरणारच. आधी गाळ काढा, मग रेषा आखा. सरकारी बाजूचं म्हणणं असं, की गाळ निघेल तेव्हा निघेल, पण तोवर लोकांना पुराच्या तोंडात नवी घरं कशी बांधू द्यायची? दोन्ही बाजूंच्या बोलण्यात तथ्य आहे.

पंचवीस वर्षांतून एकदा, हे शब्द ऐकून आपली गफलत होते. आता पूर येऊन गेला, म्हणजे पंचवीस वर्षं सुट्टी, असं वाटतं. तसं नसतं. त्याचा अर्थ दरवर्षी शंभरात चार एवढी शक्यता. पूर यंदा आला तरी पुढच्या वर्षी ती तेवढीच राहते. सांगली-कोल्हापूरने २००५, २०१९ आणि २०२१ असे पूर पाहिले, मधलं अंतर एकदा चौदा वर्षांचं आणि एकदा दोनच वर्षांचं. आता गटाच्या हिशेबात बघू. नेमकं निळ्या रेषेवर असलेलं दुकान, तीन वर्षांचं कर्ज. तेवढ्या काळात एकदा पाणी लागायची शक्यता साधारण नवात एक. दहा वर्षांचं कर्ज असेल तर तिनात एक. आणि दुकान रेषेच्या आत, नदीला आणखी जवळ असेल तर त्याहून जास्त. हा आकडा हातात असला की आपण घाबरून नाही म्हणत नाही आणि भावनेच्या भरात हो पण म्हणत नाही.

गाळाचं पुढे काय झालं, तेही सांगायला हवं. पुरानंतर दुकानं उघडली, दिवाळी आली, आणि सगळीकडे होतं तसंच होऊ लागलं, घाई ओसरू लागली. तेव्हा चिपळूण बचाव समितीच्या लोकांनी डिसेंबर २०२१ मध्ये साखळी उपोषण सुरू केलं. रोज माणसं बदलत, रोज बैठक चालू. त्यानंतर वाशिष्ठीतून गाळ काढायच्या कामाला वेग आला, सरकारी यंत्रं लागली, नाम फाउंडेशननेही हात लावला. बाजारही चालू होता आणि उपोषणही चालू होतं. इतिहासातली ही दुसरी गोष्ट आम्हाला फार महत्त्वाची वाटते. माणसं परत आली, की वरच्यांना वाटतं सगळं सुरळीत झालं. दुकानाचं शटर वर गेलं की फाईल खाली जाते. म्हणून परत येताना मागणी सोडून यायची नसते.

मग परत येऊच नये, गाव उचलून दुसरीकडे न्यावं, हा रस्ता आहे का? डोंगर कोसळतो तिथे तोच रस्ता आहे, कारण दरड सामान वर ठेवायला वेळ देत नाही. ३० जुलै २०१४ ला पुणे जिल्ह्यातलं माळीण गाव दरडीखाली गेलं, दीडशेवर माणसं गेली. २०१७ च्या एप्रिलमध्ये जवळच आमडे इथे नवं गाव लोकांच्या ताब्यात दिलं. पण त्याच वर्षीच्या पहिल्या पावसात तिथले रस्ते खचल्याच्या तक्रारी आल्या. महाड तालुक्यातल्या तळीयेवर २०२१ ला दरड आली, वाचलेल्यांना आधी कंटेनरच्या घरांत राहावं लागलं, आणि नव्या घरांची वाट बघण्यात वर्षं गेली. म्हणजे हलवायचं म्हटलं तरी घाई आणि दिरंगाई दोन्ही सोबत येतात. आणि पुण्याचे पूरग्रस्त विचारा. त्यांच्यातल्या कितीतरी जणांना अर्धगोल पत्र्याच्या घरांत ठेवलं, तात्पुरतं म्हणून. त्या तात्पुरत्यात पोरं जन्मली, त्यांची लग्नं झाली. जागा नावावर व्हायचा प्रश्न तर काही दशकं रेंगाळला. तात्पुरतं हा शब्द ऐकला की बाईने लगेच विचारावं, किती महिने? आणि ते कागदावर घ्यावं.

शिवाय पूर आणि दरड यांत फरक आहे. बाजारपेठ उचलून माळावर नेली, तर मोठा दुकानदार तिथे गाळा घेईल. टोपली घेऊन बसणाऱ्या मासेवालीचं गिऱ्हाईक मात्र तिच्यासोबत माळावर चढणार नाही.

तिसरा रस्ता एका लांबच्या शहराने दाखवला. अमेरिकेच्या टेक्सास राज्यात गॅल्वेस्टन नावाचं बेटावरचं शहर आहे. ८ सप्टेंबर १९०० ला तिथे चक्रीवादळाने समुद्र गावात आणला. सहा हजारांवर माणसं गेली. लोक गाव सोडून गेले नाहीत आणि भिंतीची वाटही बघत बसले नाहीत. राहता राहता त्यांनी दोन कामं केली. १९०२ ला समुद्राकडे सतरा फूट उंच भिंत बांधायला घेतली, तिचा पहिला टप्पा १९०४ ला झाला. आणि मग अख्खं शहरच उंच केलं. घरं, दुकानं, देवळं जॅक लावून उचलायची, खाली समुद्रातली वाळू पाण्यासकट पंपाने ओतायची, पाणी निथळलं की घर त्या नव्या जमिनीवर बसवायचं. दोन हजारांच्या आसपास इमारती अशा उचलल्या. हे काम १९११ पर्यंत चाललं. तोवर लोक लाकडी फळ्यांच्या उंच वाटांवरून चालत, खाली चिखल. १९१५ ला तेवढंच मोठं वादळ आलं, तेव्हा भिंतीमागच्या शहरात जीव गेले ते १९०० च्या मानाने अगदी थोडे. पण घर उचलायचा खर्च ज्याचा त्याला करावा लागला होता. ज्याच्याकडे पैसा नव्हता, त्याचं काय, हा प्रश्न तिथेही होताच.

आपल्या आज्यांना हे शहाणपण सांगावं लागलं नसतं. जुन्या घराचं जोतं उंच का असायचं? माळा कशाला असायचा? बियाणं आणि भांडी वर का ठेवायची? आपण सिमेंटची घरं बांधली तेव्हा फरशीसाठी जोतं खाली आलं आणि माळा गेला.

या सगळ्यातून आमचं मत असं झालं आहे. बांध पुरा होईपर्यंत बाजार बंद, हे गरिबाला परवडत नाही आणि आपण पाहिलेल्या या शहरांत कुणी केलेलंही नाही. पण होतं तसंच परत बांधणं म्हणजे पुढच्या पुराचं कर्ज आजच काढणं. आपण परत यावं, पण क्रम लावून यावं. पहिल्यांदा पोट चालवणारी आणि उचलता येणारी गोष्ट : शिलाई मशीन, काटा, माल, टपरी. त्यासाठीचं छोटं कर्ज गटाने लवकर द्यावं. मग जोतं, ओटा, माळा, गिरणीची मोटर आणि विजेचं बटण वर घेणं. पक्क्या भिंती आणि मोठं कर्ज सर्वांत शेवटी, पूररेषा बघून, आणि गाळ काढायच्या कामाची तारीख कळल्यावर. गटाचं दप्तर, जमिनीचे कागद, औषधं यांची जागा आजपासूनच वर.

दुसरं, नोंदणीचं. २०२१ च्या पुरात सरकारने दुकानदारांना जास्तीत जास्त ५० हजार आणि टपरीधारकांना १० हजार मदत जाहीर केली. पण पंचनामा होतो तो यादीत नाव असलेल्याचा. रस्त्यावर बसून भाजी विकणारी, दुसऱ्याच्या गाळ्यात कोपरा भाड्याने घेतलेली, तिचं नाव कुठल्या यादीत? पूर यायच्या आधी हे नाव लागायला हवं. भाड्याची पावती, फेरीवाली म्हणून नोंद, मालाचे फोटो, हे कोरड्या दिवसांत करायचं काम आहे.

तिसरं, तारखेचं. हॉलंडने कामं कायद्यात बांधली, चिपळूणने उपोषणाने जागी ठेवली. आपल्या हातात ग्रामसभा आहे. १ मेची ग्रामसभा ही पावसाआधीची ठरलेली शेवटची सभा, आणि तिच्या आधी महिलांची वेगळी ग्रामसभा घ्यायची असते. तिथे तीन प्रश्न विचारा आणि उत्तरं इतिवृत्तात लिहून घ्या. आपल्या बाजाराची पूररेषा आखली आहे का आणि तिचा नकाशा कुठे लावलाय? नदीचा, व्हाळाचा गाळ यंदा कोण काढणार आणि कोणत्या तारखेपर्यंत? पाणी आलं तर म्हातारी माणसं, बाळंतिणी आणि आजारी माणसं कुठे न्यायची आणि तिथली किल्ली कुणाकडे? खालच्या गावातल्या मैत्रिणींनो, हे तुम्ही विचारा. आणि आपण वरच्या गावातल्यांनीही विचारायचं, कारण आपल्या उतारावरची झाडं गेली तर ती माती बांद्याच्या नदीत आणि हिरण्यकेशीत जाऊन बसते.

इतिवृत्त लिहून झालं की खाली आपल्या सह्या करायला विसरू नका. पुढच्या सभेत ते वाचून दाखवायला लावा.